बोधावस्थेचे दीर्घकालीन विकार व मेंदूचे विद्युत् उद्दीपन

मेंदूला गंभीर इजा झाल्यानंतर रुग्ण कोमातून (गाढ बेशुद्धीतून) बाहेर येतो, त्याचे डोळे उघडतात, झोप व जाग यांचे चक्र पुन्हा सुरू होते. परंतु स्वतःची व भोवतालची जाणीव त्याला परत मिळत नाही किंवा अत्यंत तुटक स्वरूपात मिळते. ही स्थिती सु. चार आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला बोधावस्थेचा दीर्घकालीन विकार म्हणतात. अशा रुग्णाच्या मेंदूतील विशिष्ट भागांना मोजून-मापून दिलेल्या विद्युत् स्पंदांनी चेतवून जाणीव परत आणण्याचे, निदान ती वाढविण्याचे, प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होत आले आहेत. कंपवातासारख्या विकारांत विद्युत् उद्दीपनाची पद्धती आता रूढ झालेली असली, तरी बोधावस्थेच्या विकारांत ती प्रायोगिक स्वरूपाचीच आहे. [⟶ तंत्रिका तंत्र, मेंदू].

या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९६९ मध्ये मेंदूच्या ज्या भागात विद्युत् अग्रे बसविली गेली, जवळजवळ त्याच भागात ती २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही बसविली गेली. पहिल्या प्रयत्नातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. दुसऱ्याने या क्षेत्राला नवी दिशा दिली. मधल्या चार दशकांत उपकरणे सुधारली हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाचा बदल झाला तो रुग्णाचे निदान करण्याच्या रीतीत. कोणाच्या मेंदूत काय शिल्लक आहे, हे आधी ओळखल्याशिवाय उद्दीपनाच्या यशापयशाला काही अर्थ नाही, ही गोष्ट ध्यानात येण्यास एवढा काळ लागला.

बोधावस्थेचे दोन घटक मानले जातात. एक जागृती, म्हणजे डोळे उघडे असणे, निद्रेतून उठणे, उद्दीपनास प्रतिसाद देण्याची तयारी असणे. दुसरा जाणीव, म्हणजे काय घडत आहे ते कळणे. निरोगी माणसात हे दोन्ही बरोबरच नांदतात, म्हणून त्यांतील फरक सहसा लक्षात येत नाही. रोगात मात्र ते अलग होऊ शकतात. जागृती आहे पण जाणीव नाही, अशा स्थितीला पाश्चात्त्य वैद्यकात ‘व्हेजिटेटिव्ह अवस्था’ असे नाव पडले. येथे तिला ‘जाणीवहीन जागृतावस्था’ म्हटले आहे. मराठी वृत्तपत्रांतून ‘वनस्पतिवत अवस्था’ असा शब्द वापरला जातो. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला झाडाची उपमा देणे नातेवाइकांच्या जिव्हारी लागते, आणि शास्त्रीय दृष्ट्याही तो शब्द दिशाभूल करणारा आहे.

पूर्वेतिहास : विद्युत् प्रवाह व सजीवांचे चलनवलन यांचा संबंध इटालियन शारीरविज्ञ लूईजी गॅल्व्हानी (१७३७–९८) यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून दाखविला व आपले निष्कर्ष १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे भाचे जोव्हान्नी आल्दीनी (१७६२–१८३४) यांनी हे प्रयोग मोठ्या प्राण्यांवर व मानवी शवांवर नेले. जानेवारी १८०३ मध्ये लंडन येथे फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवाच्या चेहऱ्याला त्यांनी विद्युत् घटमालेच्या तारा लावल्या, तेव्हा जबडा थरथरला, चेहऱ्याचे स्नायू वाकडेतिकडे झाले आणि डावा डोळा उघडला. जमलेल्यांपैकी काहींना तो माणूस जिवंत होतो की काय असे वाटले. स्नायूंचे आकुंचन म्हणजे जीवन नव्हे हे उघड आहे. पण उघडलेला डोळा पाहून आत कोणी तरी आहे असे मानण्याचा मोह पुढील दोन शतकांत अनेकदा झालेला दिसतो.

मेंदूच्या पृष्ठभागालाच विद्युत् प्रवाहाने चेतविता येते, हे गुस्टाफ फ्रिच व एडूआर्ट हिट्‌झिख या जर्मन संशोधकांनी १८७० मध्ये कुत्र्यावरील प्रयोगांनी सिद्ध केले. चारच वर्षांनी अमेरिकेतील सिनसिनाटी येथील वैद्य रॉबर्ट्‌स बार्थोलो यांनी, कवटीचे हाड रोगाने झिजून मेंदू उघडा पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत सुया घालून प्रवाह सोडला. सौम्य प्रवाहाने हातपाय हालले. प्रवाह वाढविताच तिला झटके आले व ती बेशुद्ध झाली. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. वैद्यक क्षेत्रातूनच या प्रयोगावर कडक टीका झाली. स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या वा संमतीचा अर्थ पुरता न कळणाऱ्या रुग्णावर प्रयोग करावा का, हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

जागृतीच्या यंत्रणेचा शोध : पहिल्या महायुद्धाच्या काळात यूरोपात एका विचित्र मस्तिष्कशोथाची साथ आली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत. व्हिएन्ना येथील कॉन्स्टांटीन फॉन एकोनोमो (१८७६–१९३१) यांनी १९१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले आणि मृत रुग्णांचे मेंदू तपासून, मस्तिष्क स्तंभाचा वरचा भाग व त्याला लागून असलेला अधोथॅलॅमसाचा मागील भाग यांना इजा झाल्यास अशी झोप लागते असे अनुमान काढले. जागे राहणे ही मेंदूची केवळ सहजस्थिती नसून ती एका विशिष्ट यंत्रणेकडून सतत राखली जाते, ही कल्पना येथून रुजली.

जर्मन मनोविकारतज्ञ हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांनी मानवी मेंदूतील विद्युत् तरंगांचा आलेख काढण्याची पद्धती १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर जागृती मोजण्याचे एक साधन हाती आले. झोपेत तरंग मोठे व संथ असतात, जागेपणी लहान व जलद असतात. बेल्जियन शरीरक्रियावैज्ञानिक फ्रेदेरीक ब्रेमेर यांनी १९३५ मध्ये मांजराचा मस्तिष्क स्तंभ मध्यमस्तिष्काच्या पातळीवर छेदला, तेव्हा अग्रमेंदूचा आलेख कायम झोपेसारखा राहिला. छेद मेंदू व मेरुरज्जू यांच्या सीमेवर घेतल्यास झोप व जाग यांचे चक्र टिकून राहिले. जागृतीची सूत्रे या दोन छेदांच्या दरम्यान कोठे तरी असली पाहिजेत, असा याचा अर्थ होता. ब्रेमेर यांनी मात्र ज्ञानेंद्रियांकडून येणारे संदेश तुटल्यामुळे असे होते असे मानले.

खरे उत्तर १९४९ मध्ये मिळाले. पीसा येथील जूझेप्पे मोरूत्सी (१९१०–८६) व शिकागो येथील होरेस मॅगून (१९०७–९१) यांनी मांजराच्या मस्तिष्क स्तंभाच्या गाभ्यातील जालरूप रचनेला जलद विद्युत् स्पंदांनी चेतविले. त्याबरोबर प्रमस्तिष्क बाह्यकावरील संथ तरंग नाहीसे होऊन जाग्या प्राण्याचे जलद तरंग उमटले. ज्ञानेंद्रियांचे मुख्य मार्ग या भागाच्या बाहेरून जातात, त्यामुळे ब्रेमेर यांचे स्पष्टीकरण अपुरे ठरले. जालरूप रचनेतून निघणारे तंतू थॅलॅमसाच्या मध्यवर्ती केंद्रकांमार्फत बाह्यकाच्या विस्तृत प्रदेशावर पसरतात, असे पुढील संशोधनात दिसून आले. याच सुमारास स्विस शास्त्रज्ञ व्हाल्टर रूडोल्फ हेस यांच्या प्रयोगांत थॅलॅमसाच्या मध्यवर्ती भागाला संथ स्पंद दिल्यास मांजर झोपी जाते असे आढळले होते. एकाच भागाला जलद स्पंद दिल्यास जाग आणि संथ स्पंद दिल्यास झोप येते. त्यामुळे स्पंदांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांची संख्या) किती ठेवावी, हा पुढे उपचारातील कळीचा मुद्दा ठरला.

मोरूत्सी व मॅगून यांच्या शोधाने जी आशा निर्माण केली, तिच्यात एक उणीव होती. मांजराचा मेंदू शाबूत होता. तो केवळ भुलीने वा छेदाने निद्रिस्त झालेला होता. ज्याचा बाह्यक वा थॅलॅमस स्वतःच नष्ट झाला आहे, अशा मेंदूला जागे करणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. या दोन टोकांच्या मधली स्थिती कशी असते, याचे एक उदाहरण ऑक्सफर्ड येथील शस्त्रक्रियातज्ञ ह्यू केर्न्स व त्यांचे सहकारी यांनी १९४१ मध्येच नोंदले होते. चौदा वर्षांची एक मुलगी डोळ्यांनी माणसांचा मागोवा घेई, परंतु बोलत वा हालत नसे. तिच्या मेंदूतील तिसऱ्या विवराजवळ द्रवाने भरलेली गाठ होती. द्रव काढून घेताच मुलगी शुद्धीवर येऊन बोलू लागली आणि मधल्या काळातले तिला काहीच आठवेना; गाठ पुन्हा भरताच ती पूर्वस्थितीत गेली. येथे मेंदूतील मंडले शाबूत होती, त्यांना चालविणारी प्रेरणा तेवढी दाबली गेली होती. उद्दीपनाचा उपयोग व्हायचा तर तो अशा रुग्णांत होणार. पण हे सूत्र हाती असूनही बराच काळ कोणी ते पकडले नाही.

रुग्णांचा नवा वर्ग : १९५० पूर्वी मेंदूला अतिगंभीर इजा झालेला रुग्ण बहुधा काही दिवसांतच दगावत असे. कोपनहेगन येथे १९५२ मध्ये आलेल्या पोलिओच्या साथीत भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून, रबरी पिशवीने हातांनी श्वास देण्याची पद्धती वापरली. वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने अहोरात्र पिशव्या दाबत बसत. या अनुभवातून अतिदक्षता विभाग व यांत्रिक श्वसन यांचा प्रसार झाला आणि हजारो जीव वाचले. त्याचबरोबर, जगले पण शुद्धीवर आले नाहीत, अशा माणसांची संख्याही वाढत गेली. एर्न्स्ट क्रेचमर यांनी अशा स्थितीचे वर्णन जर्मनीत १९४० मध्येच केले होते. परंतु तिला सर्वमान्य नाव नव्हते. ग्लासगोचे ब्रायन जेनेट व न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातील लेखात वर उल्लेखिलेले नाव सुचविले आणि ही कोमाहून भिन्न अवस्था असल्याचे स्पष्ट केले.

भारतात हा प्रश्न सर्वसामान्यांपुढे आला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यामुळे. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला व पुढील बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालापूर्वी तीन डॉक्टरांच्या समितीकडून त्यांची तपासणी करविली. जाणीवहीन जागृतावस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात, असा समितीचा अभिप्राय होता. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना मात्र त्या आवडीनिवडी दर्शवितात असे वाटे. त्यांच्यावर उद्दीपनाचा उपचार होण्याचा प्रश्न नव्हता. तथापि खाटेजवळ रोज असणाऱ्या माणसाला जे दिसते व तज्ञाला ठराविक तपासणीत जे दिसते, त्यांत अंतर पडू शकते, ही गोष्ट त्या प्रकरणाने अनेकांच्या मनावर बिंबविली.

पहिले प्रयत्न : कवटीला धातूची चौकट बसवून मेंदूच्या खोल भागातील ठराविक बिंदूपर्यंत सूक्ष्म अग्र पोहोचविण्याची शस्त्रक्रिया फिलाडेल्फिया येथे अर्न्स्ट स्पीगेल व हेन्री वायसिस यांनी १९४७ मध्ये मानवात प्रथम केली. या तंत्रामुळे खोल उद्दीपन शक्य झाले. आघाताने कोमात गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत अग्रे बसवून त्याला जागे करण्याचा एक प्रयत्न १९६८ मध्ये नोंदला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी जर्मन तंत्रिकावैज्ञानिक रोल्फ हास्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतर जाणीवहीन झालेल्या एका रुग्णाच्या थॅलॅमस व पॅलिडम या भागांना उद्दीपित केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. उद्दीपन चालू असता विद्युत् आलेख बदलला, रुग्ण अधिक जागा दिसू लागला, हालचाली व आवाज वाढले. परंतु जागृती वाढली म्हणजे जाणीव आली, असे म्हणता येण्याजोगा पुरावा त्यातून मिळाला नाही. पुढील दोन दशकांत असे तुरळक प्रयत्न होत राहिले.

मोठ्या प्रमाणावर काम झाले ते जपानमध्ये. टोकिओ येथील निहोन विद्यापीठात ताकाशी त्सुबोकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ८ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी ३ जण जाणीवहीन अवस्थेतून बाहेर आले होते. ही मालिका त्याच विद्यापीठातील ताकामित्सु यामामोतो व योइची कातायामा यांनी पुढे चालविली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार २१ रुग्णांपैकी ८ जण तोंडी सूचना पाळू लागले. मात्र त्यांतील एक वगळता सर्व अंथरुणालाच खिळून राहिले. फ्रान्समध्ये कोआदों व रिशे यांनी १९९३ मध्ये २५ रुग्णांपैकी १३ जणांत सुधारणा झाल्याचे सांगितले.

हे आकडे प्रथमदर्शनी उत्साहवर्धक वाटतात. परंतु त्यांच्या शेजारी दुसरे काही आकडे ठेवावे लागतात. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संस्थांच्या संयुक्त समितीने १९९४ मध्ये दिलेल्या अहवालात आघातानंतर एक महिना जाणीवहीन राहिलेल्या ४३४ प्रौढांची माहिती एकत्र केलेली आहे. त्यांपैकी शेकडा ३३ जण तीन महिन्यांत व शेकडा ५२ जण एका वर्षात, कोणत्याही उद्दीपनाशिवाय, शुद्धीवर आले होते. आघाताव्यतिरिक्त अन्य कारणाने, उदा., हृदयक्रिया बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटल्याने, ही अवस्था आलेल्यांत मात्र हे प्रमाण वर्षअखेर शेकडा १५ एवढेच होते. जपानी रुग्णांवर उद्दीपन बव्हंशी दुखापतीनंतर वर्षाच्या आतच सुरू झालेले होते आणि तुलनेसाठी सारख्या पद्धतीने निवडलेला अनुद्दीपित गट नव्हता. तेव्हा ८ रुग्णांचे शुद्धीवर येणे हे विजेचे फळ की निसर्गक्रमाचे, हे त्या वृत्तांतावरून ठरविता येत नाही. त्सुबोकावा यांच्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शुद्धीवर आलेल्या रुग्णांत उपचारापूर्वीच मेंदूच्या विद्युत् प्रतिसादांची काही लक्षणे टिकून होती, हे त्यांच्याच गटाने दाखविले आणि पुढच्या काळातील निवडीच्या कल्पनेचा तोच उगम होय.

निदानातील क्रांती : १९९४ मध्ये आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. न्यू जर्सी राज्यातील कॅरेन ॲन क्विनलन ही तरुणी १९७५ मध्ये बेशुद्ध झाली. तिचे श्वसनयंत्र काढण्याच्या अधिकाराचा तिच्या वडिलांनी जिंकलेला दावा (१९७६) जगभर गाजला आणि ती १९८५ पर्यंत जिवंत राहिली. तिच्या मेंदूच्या शवपरीक्षेत सर्वाधिक हानी अपेक्षेप्रमाणे बाह्यकात नव्हे, तर थॅलॅमसात आढळली. मस्तिष्क स्तंभ बराच शाबूत होता. जागृती टिकून जाणीव का गेली याचा उलगडा त्यातून होतो. थॅलॅमस हे संदेश पुढे पाठविणारे नुसते स्थानक नसून जाणिवेच्या यंत्रणेचा आस आहे, या मताला त्यामुळे बळ मिळाले. पण त्याच वेळी ज्याचा थॅलॅमसच नष्ट झाला आहे, त्याच्या थॅलॅमसात अग्र बसविण्याचा उपयोग काय, हा प्रश्नही उभा राहिला.

दुसरीकडे निदानातील चुका उघड होऊ लागल्या. लंडन येथील एका पुनर्वसन विभागात या निदानासह पाठविलेल्या ४० रुग्णांपैकी १७ जणांचे निदान चुकीचे होते, असे कीथ अँड्र्यूज व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. त्यांतील अनेक जण अंध वा दृष्टिदोष असलेले होते. डोळ्यांनी वस्तूचा मागोवा घेत नाहीत म्हणून त्यांना जाणीव नाही, असे धरले गेले होते. बेल्जियममधील २००९ च्या अभ्यासातही ही चूक शेकडा ४१ एवढी निघाली. या दोहोंच्या मधल्या काळात, २००२ मध्ये, जोझेफ जिआचिनो व सहकाऱ्यांनी ‘किमान जाणिवेची अवस्था’ ही स्वतंत्र संज्ञा निश्चित केली. सूचना पाळणे, वस्तूकडे हेतुपूर्वक हात नेणे, एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारणे यांपैकी काही तरी, अनियमितपणे का होईना, पण निःसंदिग्धपणे ज्यांच्यात आढळते, असे रुग्ण तीत मोडतात. हे रुग्ण पूर्वी सरसकट जाणीवहीन म्हणून गणले जात.

बाह्य वर्तनावर विसंबून राहण्याच्या मर्यादा त्यानंतर आणखी ठळकपणे दिसल्या. केंब्रिज येथील एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, जाणीवहीन ठरविलेल्या २३ वर्षांच्या एका स्त्रीला आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करावयास सांगितले. चुंबकीय अनुस्पंदनाने घेतलेल्या प्रतिमांत निरोगी माणसाप्रमाणेच तिच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग क्रियाशील झाला. तिचे बोटही हालत नव्हते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील अभ्यासात, सूचनांना कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद आढळला. म्हणजे चारांत एक.

मध्य थॅलॅमसाचे उद्दीपन : खोल उद्दीपनाचे आधुनिक उपकरण कंपवातासाठी विकसित झाले. ग्रनॉब्ल येथे आलीम-लूई बनाबी यांनी १९८७ पासून कंप थांबविण्यासाठी थॅलॅमसात कायमची अग्रे बसविण्यास प्रारंभ केला. गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेआड बसविलेल्या, हृदयगतिनियंत्रकासारख्या पेटीतून कातडीखालच्या तारेने ही अग्रे विद्युत् स्पंद घेतात. स्पंदांचे प्रमाण बाहेरून कमीजास्त करता येते. हे उपकरण न्यूयॉर्क येथील निकोलस शिफ यांनी किमान जाणिवेच्या अवस्थेकडे वळविले.

त्यांचा रुग्ण ३८ वर्षांचा पुरुष होता. मारहाणीत मेंदूला इजा झाल्यापासून सहा वर्षे तो या अवस्थेत होता. म्हणजे आपोआप सुधारण्याचा काळ केव्हाच उलटून गेला होता. त्याच्या मेंदूतील भाषेची मंडले बऱ्याच अंशी शाबूत असल्याचे प्रतिमांवरून आधीच दिसले होते. दोन्ही बाजूंच्या मध्य थॅलॅमसांत अग्रे बसविली गेली. पुढे सहा महिने यंत्र एक महिना चालू व एक महिना बंद ठेवण्यात आले आणि ते कोणत्या महिन्यात चालू आहे, हे तपासणाऱ्यांना कळू दिले नाही. यंत्र चालू असता रुग्णाचे लक्ष अधिक स्थिर राही, अवयवांवरील ताबा वाढे व तोंडाने अन्न घेणे सुधारे. तो वस्तूंची नावे सांगू लागला, अन्न चावून गिळू लागला. काही सुधारणा यंत्र बंद असतानाही अंशतः टिकल्या. २००७ मध्ये नेचर नियतकालिकात हा वृत्तांत आला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही. तथापि येथे प्रथमच निवडीमागे कारण होते, तुलना त्या रुग्णाची त्याच्याशीच होती आणि मोजणाऱ्याच्या अपेक्षेला वाव नव्हता. यामामोतो व कातायामा यांच्या २१ रुग्णांपेक्षा हा एक रुग्ण पुराव्याच्या दृष्टीने अधिक वजनदार ठरतो, तो यामुळे.

हा परिणाम कसा होतो, याविषयी शिफ यांनी मांडलेली उपपत्ती अशी : मध्य थॅलॅमस बाह्यकाच्या ललाटीय भागाला सतत चेतवीत असतो. हा भाग स्ट्रायेटमाला चेतवितो, स्ट्रायेटम पॅलिडमाला आवरतो आणि पॅलिडम थॅलॅमसाला आवरतो. व्यापक इजेमुळे स्ट्रायेटमाला पुरेशी चेतना मिळेनाशी झाली, की पॅलिडमावरील लगाम सुटतो व तो थॅलॅमसाला दाबून धरतो. थॅलॅमस मंदावला की बाह्यक आणखी मंदावतो. या चक्रातील तंत्रिका कोशिका मेलेल्या नसून निष्क्रिय असतील, तर थॅलॅमसाला बाहेरून स्पंद देऊन चक्र फिरते करता येईल. अमॅन्टाडीन या औषधाने आघातजन्य विकारातील सुधारणेचा वेग वाढतो, असे २०१२ मध्ये १८४ रुग्णांवरील परीक्षणात आढळले; त्याचा खुलासाही याच चक्राच्या साहाय्याने केला जातो. भूल दिलेल्या माकडांच्या मध्य थॅलॅमसाला जलद स्पंद दिल्यास ती जागी होतात, हे विस्कॉन्सिन येथील २०२० च्या प्रयोगांत दिसून आले.

नंतरचे अनुभव संमिश्र आहेत. इटलीतील एका नियोजित अभ्यासात (२०१६) निवडीच्या कसोट्या इतक्या कडक होत्या, की शेवटी ३ रुग्णांवरच शस्त्रक्रिया झाली. काही सुधारणा झाली, पण पूर्ण बोधावस्था कोणालाच परत मिळाली नाही. झाग्रेब येथे (२०१८) १४ पैकी ४ रुग्णांत सुधारणा नोंदली गेली. २०२३ मध्ये शिफ व स्टॅनफर्ड येथील शस्त्रक्रियातज्ञ जेमी हेंडरसन यांनी वेगळा मार्ग घेतला. मेंदूच्या इजेतून शुद्धीवर आलेल्या, परंतु लक्ष व विचारशक्ती मंदावलेल्या ५ जणांच्या मध्य थॅलॅमसाला त्यांनी उद्दीपित केले; विचाराचा वेग मोजणाऱ्या एका प्रमाणित चाचणीत सर्वांची प्रगती झाली. हे रुग्ण स्वतः संमती देऊ शकत होते, ही त्यातील जमेची बाजू. सर्वांत गंभीर रुग्णांपासून सुरू झालेला हा उपचार अशा रीतीने सौम्य रुग्णांकडे सरकला आहे.

शस्त्रक्रियेविना उद्दीपनाचे मार्गही चोखाळले गेले. लिएझ येथे २०१४ मध्ये ५५ रुग्णांच्या डाव्या कपाळाच्या बाजूस त्वचेवरून २ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह २० मिनिटे दिला गेला. किमान जाणिवेच्या अवस्थेतील ३० पैकी १३ जणांत, तर जाणीवहीन २५ पैकी केवळ २ जणांत प्रतिसाद वाढला. परिणाम अल्पकाळ टिकणारा होता; परंतु ज्याच्याजवळ काही शिल्लक आहे त्यालाच उद्दीपनाचा लाभ होतो, हे येथेही दिसते. लीआँ येथे पंधरा वर्षे जाणीवहीन राहिलेल्या एका रुग्णाच्या मानेतील व्हेगस तंत्रिकेला उद्दीपित केल्यावर तो किमान जाणिवेच्या अवस्थेत आल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. वृत्तपत्रांनी त्याला ‘जागे करणे’ म्हटले. तो बोलू लागला नव्हता. डोळ्यांनी वस्तूचा मागोवा घेऊ लागला होता व सांगितल्यावर मान वळवीत होता. जपानमध्ये मेरुरज्जूचे आणि चीनमध्ये मनगटातील मध्यम तंत्रिकेचे उद्दीपनही वापरले गेले आहे; पैकी दुसरा उपचार मुख्यतः आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील कोमासाठी आहे.

संमती व जबाबदारी : रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारे नातेवाईक बहुधा वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेने थकलेले असतात व आशेच्या कोणत्याही शब्दाला धरून ठेवतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे शस्त्रक्रियेतील धोके त्यांना समजावून देता येतात. सुधारणेचा अर्थ समजावणे अधिक कठीण असते. किमान जाणिवेच्या वरच्या पायरीवर आलेल्या रुग्णाला आपली परवशता प्रथमच कळू लागण्याचा संभव असतो. उलट, वेदना सांगता येणे, हवे-नको दर्शविता येणे, आईला नावाने हाक मारता येणे, यांचे मोल बाहेरून ठरविणेही योग्य नव्हे. अमेरिकेतील तंत्रिकावैद्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये ‘कायमची’ जाणीवहीन अवस्था ही संज्ञा सोडून ‘दीर्घकालीन’ ही संज्ञा स्वीकारली. कारण काही रुग्णांत वर्ष उलटल्यावरही सुधारणा झाल्याचे पुरावे होते. उद्दीपकाची विद्युत् घटमाला काही वर्षांनी संपते व ती बदलण्यासाठी लहानशी शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. पुनर्भारणक्षम उपकरणातही पेटी कालांतराने बदलावीच लागते. संशोधन प्रकल्प तोवर संपलेला असल्यास हा खर्च कोणी करावयाचा आणि यंत्र बंद पडल्याने रुग्ण मागे गेल्यास त्याला जबाबदार कोण, हे शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी ठरवून घ्यावे लागते.